दिवाणखान्यातला केंटिया

केंटिया पामचे लाड फारसे करावे लागत नाहीत. थेट ऊन नको, वरची माती सुकल्यावर पाणी, अधूनमधून ओल्या फडक्याने पानं पुसायची. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत त्याला मानाची जागा मिळाली ती या सोशिकपणामुळे. जाड पडदे, कोळशाची शेकोटी, गॅसचे दिवे; त्या कोंदट अंधारात बहुतेक झाडं माना टाकत.

हा पाम मूळचा फक्त लॉर्ड हाऊ बेटावरचा, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात. व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजांना भाजीपाला पुरवून तिथली मूठभर माणसं जगत. तो धंदा बसला, तेव्हा केंटियाच्या बियांनी त्यांना तारलं.

जून 1918मध्ये ‘माकाम्बो’ जहाज तिथे खडकावर चढलं आणि त्यातले उंदीर बेटावर उतरले. त्यांनी बियांचा फडशा पाडलाच, शिवाय जगात इतरत्र कुठेही नसलेल्या पक्ष्यांच्या पाच जाती काही वर्षांत संपवल्या. उंदरांच्या शेपट्यांवर बक्षीस लावून झालं, बाहेरून घुबडंही आणून सोडली (एका पाहुण्यावर दुसरा पाहुणा!). उंदीर राहिलेच. अखेर 2019मध्ये बेटभर विषारी आमिष टाकलं. त्याआधी तिथले बहुतेक वुडहेन पक्षी पकडून पिंजऱ्यांत सुरक्षित ठेवले होते.