तेरा महिन्यांचे दैनिक

पॅरिस शहरात १६ ऑक्टोबर १८३० रोजी ‘लाव्हनीर’ म्हणजे ‘भविष्यकाळ’ या नावाचे दैनिक निघाले आणि १५ नोव्हेंबर १८३१ रोजी ते थांबले. आयुष्य अवघे तेरा महिन्यांचे. तरीही कॅथलिक पत्रकारितेच्या इतिहासातून त्याला वगळता येत नाही.

त्याच वर्षीच्या जुलै क्रांतीत दहावा चार्ल्स राजा पदच्युत झाला होता. ख्रिस्तसभा राजसत्तेच्या आश्रयाने उभी असल्यामुळे जनतेचा रोष तिच्यावरही ओढवला. अशा वेळी फादर फेलिसिते द लामने यांनी तरुण धर्मगुरू लाकोर्देर आणि वीस वर्षांचे माँतालांबेर यांच्या साथीने हे पत्र चालवले. ‘देव आणि स्वातंत्र्य’ हे त्याचे ब्रीद होते. धर्म, शिक्षण आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्याची मागणी त्याने केली. १८०१ च्या करारान्वये धर्मगुरूंना मिळणारे सरकारी वेतनही सोडून द्यावे, असे त्याने सुचवले.

जानेवारी १८३१ मध्ये लामने व लाकोर्देर यांच्यावरील खटल्यात दोघेही निर्दोष सुटले. मे महिन्यात या मंडळींनी परवान्याविना उघडलेली शाळा पोलिसांनी बंद केली. परंतु दैनिकाचा घास सरकारने घेतला नाही. त्याच्या वाचकांत धर्मगुरूंचा भरणा मोठा होता. अनेक महागुरूंनी विरोध करताच वर्गणीदार गळाले आणि पैसा आटला.

न्यायाच्या आशेने हे तिघे रोमला गेले. १३ मार्च १८३२ रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी त्यांना भेट दिली; मूळ विषय मात्र निघालाच नाही. १५ ऑगस्टच्या ‘मिरारी वोस’ या परिपत्रकाने, दैनिकाचे नाव न घेता, त्याची मते अमान्य केली. पत्र पुन्हा निघाले नाही.

पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लामने ख्रिस्तसभेपासून दुरावले; १८५४ मध्ये धर्मविधींविना त्यांचे दफन झाले. लाकोर्देर यांनी फ्रान्समध्ये डॉमिनिकन संघ पुन्हा उभा केला. माँतालांबेर संसदेत शिक्षणस्वातंत्र्यासाठी झगडत राहिले.

७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा मानवी व्यक्तीचा हक्क असल्याचे घोषित केले. ‘लाव्हनीर’चे प्रत्येक मत त्यामुळे ग्राह्य ठरले, असे नव्हे; त्याची भाषा पुष्कळदा उतावीळ होती. परंतु त्याने विचारलेला प्रश्न खरा होता. आपल्या घरी येणाऱ्या नियतकालिकात एखादा न पटणारा लेख आला, तर आपण संपादकांना पत्र लिहितो की मुकाट्याने वर्गणी थांबवतो? या तेरा महिन्यांची आठवण ठेवून आपण याचे उत्तर द्यावयास हवे.