पसंतीची नोंदवही

कामगार चळवळीतला माणूस प्रेमाकर्षणावर बोलावयास उभा राहिला म्हणजे सभागृहात थोडे हसू फुटते. ते मी आताच ऐकले. हसा. पण ह्या विषयाकडे मी वळलो तो एका मतपेटीमुळे. मी नववीत शाळा सोडून कारखान्यात लागलो आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. पुष्कळ वर्षांपूर्वी एका द्वारसभेत मी संपाचा ठराव मांडला, तेव्हा एकूण एक हात वर गेला. आठ दिवसांनी गुप्त मतदान घेतले, तर निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या विरुद्ध! त्या दिवशी मला राग आला. पुढे उमगले, की कोणी खोटे बोलले नव्हते. चारचौघांत वर जाणारा हात आणि पेटीत पडणारी चिठ्ठी एकाच माणसाची असते, आणि दोन्ही खरी असतात.

स्त्रीपुरुषांच्या पसंतीबद्दल माणसाने आजवर जे लिहून ठेवले, ते बहुतेक वर केलेल्या हाताचे लिखाण आहे. लंडनमध्ये १६९५ साली जॉन हाउटन ह्याच्या शेती-व्यापारविषयक पत्रकात एक जाहिरात आली. तिशीतला गृहस्थ, इस्टेट उत्तम. सुमारे ३,००० पौंडांची मालमत्ता असलेली तरुणी हवी. रंगरूपाबद्दल अक्षर नाही. आता हा गृहस्थ खरोखर केवळ पौंडांवर भाळणारा होता काय? जाहिरातीवरून ते कळावयाचे नाही.

यंत्र आले ते १९६५ साली. हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ नावाचा उद्योग काढला. तीन डॉलर भरावयाचे, स्वतःबद्दल आणि हव्या त्या जोडीदाराबद्दल लांबलचक प्रश्नावली भरावयाची, की संगणक नावे काढून देई. पण हेही उत्तर माणसाच्या तोंडचेच. पेटी प्रथम उघडली ती दुसरीकडे. मिनेसोटा विद्यापीठात इलेन वॉल्स्टर आणि सहकारी यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक नृत्यसमारंभ ठेवला. संगणक तुम्हांला साजेसा जोडीदार देईल, असे ७५२ मुलामुलींना सांगितले. प्रत्यक्षात जोड्या जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावल्या होत्या. तिकीट घेताना प्रत्येकाच्या रूपाला गुपचूप गुण दिले गेले. बुद्धी, स्वभाव, परीक्षेतले यश, सगळे तपासले. जोडीदार आवडला की नाही हे ठरविण्यात चालले ते फक्त रूप. हा निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाला. अडीच तासांच्या नाचावरून केलेले अनुमान आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. अडीच तासांत स्वभाव कोणाचा कळतो!

मग जाळे आले, आणि नोंद आपोआप होऊ लागली. २०१७ साली अमेरिकेत जमलेल्या स्त्रीपुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती, असे स्टॅनफर्डचे मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकारी यांनी दाखविले आहे. अशा संकेतस्थळांपैकी ओकेक्युपिड हे २००० च्या दशकात, म्हणजे २००४ साली, हार्वर्डच्याच चार गणितज्ञ तरुणांनी काढले. त्यांतले ख्रिश्चन रडर यांनी २००९ पासून आपल्या नोंदवहीतले आकडे लोकांपुढे ठेवले. त्यात दिसले, की स्त्रियांनी पुरुषांच्या छायाचित्रांना गुण देताना ८० टक्क्यांना मध्यमाहून खाली ढकलले. पण संदेश पाठविताना त्याच स्त्रिया सामान्य चेहऱ्यांनाही लिहीत होत्या. पुरुष गुण देताना अगदी न्यायी. संदेशांपैकी दोनतृतीयांश मात्र वरच्या एकतृतीयांश सुंदरींकडे. हात एक, चिठ्ठी दुसरी.

येथवर गंमत वाटेल. पुढचे पान गमतीचे नाही. कृष्णवर्णीय स्त्रिया आलेल्या संदेशांना सर्वांत जास्त उत्तरे देत, आणि त्यांच्या संदेशांना उत्तरे मिळत ती सर्वांत कमी. २०१४ साली रडर यांनी पुन्हा हिशेब केला. आपल्याच वंशाचा जोडीदार हवा, असे सांगणारे पाच वर्षांत कमी झाले होते. वागणुकीतला पक्षपात कमी झालेला नव्हता. काही विद्वान ह्याला निसर्ग म्हणतात. मी त्यांना एक तारीख दाखवीन: १२ जून १९६७. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात भिन्नवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली, आणि त्या दिवसापर्यंत १६ राज्यांत ती बंदी कायद्याच्या पुस्तकात होती. त्या बंदीखाली वाढलेल्यांची मुले आणि नातवंडे २००९ साली पडद्यासमोर बसली होती. ज्याला निसर्ग म्हणावयाचे, त्यावर सरकारी शिक्का अजून वाळलेला नव्हता.

आपल्याकडे तर हात आणि चिठ्ठी एकाच ओळीत छापून येतात. ‘जातीची अट नाही’ आणि लगेच पुढे अमुक-तमुक ‘क्षमस्व’! अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आदींनी कलकत्त्याच्या आनंदबझार पत्रिकेतल्या वधूवर-जाहिराती देणाऱ्या घरांकडे जाऊन, आलेल्या पत्रांपैकी कोणती निवडली हे पाहिले. मुलीकडची माणसे जातीबाहेर जाणे टाळण्यासाठी एवढे सोडावयास तयार होती, की एम. ए. झालेला आणि अजिबात न शिकलेला ह्यांत जेवढे अंतर तेवढे. मी स्वतः चळवळीतल्या घरांतून मुलींच्या लग्नाची बोलणी केली आहेत. लाल झेंडा भिंतीवर, आणि पहिला प्रश्न आडनावाचा.

पण नोंदवही म्हणजे माणसाचे मन, असे मी मानीत नाही. कारखान्याच्या उपाहारगृहात दोनच पदार्थ ठेवले आणि वर्षअखेर वही दाखवून म्हटले, की कामगारांना हेच दोन आवडतात, तर त्या वहीला काय म्हणावयाचे? मुंबईच्या शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाप्रमाणे स्थळे निवडण्याची सोय होती. २०२० साली लोकांनी तक्रार केली, तेव्हा ती काढली गेली. तोवर चाळणी दुकानदाराने लावलेली आणि आवड गिऱ्हाइकाची म्हणून नोंदलेली.

२०१४ मध्ये रडर यांनी स्वतःच आणखी एक गोष्ट उघड केली. कंपनी दोघांचे जुळते किती, हे टक्क्यांत सांगत असे. ज्यांचे ३० टक्केच जुळते त्यांना ९० म्हणून सांगून पाहिले. खरा आकडा सांगितला तेव्हा पहिल्या संदेशातून चार संदेशांचे संभाषण होण्याची शक्यता १० टक्के होती. खोटा सांगितल्यावर ती १७ झाली. म्हणजे जुळते असे सांगितले, की काही अंशी जुळतेच. गिऱ्हाइकांना हे नंतर कळविले. आधी विचारले नव्हते.

आणि १५ जानेवारी २०१३. त्या दिवशी कंपनीने एका नव्या योजनेची जाहिरात म्हणून सात तास सगळी छायाचित्रे काढून टाकली. वर्दळ घटली, हे खरे. पण जे राहिले, त्यांच्यांत पहिल्या संदेशाला उत्तर मिळण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा ४४ टक्क्यांनी वाढले. बोलणी अधिक खोल गेली, पत्ते-फोन लवकर दिले गेले. न पाहता प्रत्यक्ष भेटलेल्यांचेही पुढे विचारले, तर कोण अधिक देखणे ह्यावर भेटीचा आनंद अवलंबून नव्हता. दुपारी चार वाजता छायाचित्रे परत लागली. त्या घटकेला २,२०० माणसे एकमेकांशी बोलत होती. त्यांची बोलणी नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात तिथल्या तिथे तुटली. दिवा लावावयाचा की नाही, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.