घरचा फोटो प्रिंटर : यंत्र स्वस्त, शाई महाग

फोटो प्रिंटर खरेदी करताना दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा असतो. खरा खर्च मात्र यंत्र घरी आल्यावर सुरू होतो. शाई, कागद, वाया गेलेल्या प्रती आणि महिनोन् महिने वापर नसल्याने वाळलेली नळी या चार गोष्टींचा हिशेब आधी केला नाही, तर स्वस्तात मिळालेले यंत्र दोन-तीन वर्षांत आपल्या किमतीच्या कितीतरी पट पैसे खाते.

पालघर जिल्ह्यात बोईसरला लागून असलेल्या सरावलीसारख्या वस्तीत हा प्रश्न अधिकच व्यावहारिक आहे. ग्रामपंचायत असली तरी जनगणनेत नगर म्हणून नोंदल्या गेलेल्या या गावात तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणारी अनेक कुटुंबे राहतात. पाळीत काम करणाऱ्याला फोटो स्टुडिओच्या वेळा जुळत नाहीत. मुलांच्या शाळेला कधी प्रकल्पासाठी चित्रे, तर कधी अर्जासाठी पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात. गावाकडच्या आजी-आजोबांना नातवंडांचे फोटो हातात हवे असतात. त्यामुळे घरीच प्रिंटर घ्यावा, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो घ्यावा की नाही आणि घेतल्यास कोणता, याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते महिन्याला किती फोटो छापायचे, या एका आकड्यात दडलेले आहे.

शाईचा व्यवसाय कसा चालतो?

घरगुती प्रिंटर बहुतांशी इंकजेट पद्धतीचे असतात. यात दोन तंत्रे आहेत. एका तंत्रात सूक्ष्म नळीतील शाई क्षणार्धात तापवून बुडबुडा तयार केला जातो व त्याच्या दाबाने शाईचा थेंब कागदावर फेकला जातो. एचपी आणि कॅनन या कंपन्या ही पद्धत वापरतात. एचपीने १९८४ मध्ये आणलेला थिंकजेट हा या पद्धतीच्या आरंभीच्या प्रिंटरपैकी एक. दुसऱ्या तंत्रात विजेच्या प्रवाहाने वाकणारा स्फटिक शाईला ढकलतो. एप्सन व ब्रदर यांच्या यंत्रांत हे तंत्र आढळते.

कार्ट्रिजवर चालणारा प्रिंटर कमी किमतीत विकायचा आणि नफा शाईतून मिळवायचा, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे. म्हणूनच ग्राहकांनी सुईने शाई भरून घेणे, बाहेरून नळ्या व बाटल्या जोडून घेणे असे मार्ग शोधले. अखेर एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकी असलेला प्रिंटर बाजारात आणला आणि पुढे तो भारतातही आला. इतर कंपन्यांनीही मग तीच वाट धरली. टाकीच्या यंत्रात हिशेब उलटा असतो. यंत्र महाग आणि शाई स्वस्त.

कंपन्या आणि ग्राहक यांच्यातील ही ओढाताण न्यायालयापर्यंतही गेली. वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकण्याविरुद्ध लेक्समार्क कंपनीने पेटंटचा आधार घेतला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी, एकदा विकलेल्या वस्तूवरील पेटंटचा हक्क विक्रीबरोबरच संपतो, असा निर्णय दिला. तथापि, काही प्रिंटर कार्ट्रिजवरील चिप तपासून बाहेरची शाई नाकारतात. त्यामुळे स्वस्त शाईच्या भरवशावर यंत्र घेणाऱ्याने त्या विशिष्ट मॉडेलची ही अट आधी विचारून घ्यावी.

‘पाने’ म्हणजे फोटो नव्हेत

खोक्यावर ‘७५०० पाने’ असा आकडा छापलेला असतो. हा आकडा आयएसओ/आयईसी २४७११ व २४७१२ या प्रमाणांनुसार ठरतो. त्यात पाच ठरावीक पानांचा संच सतत छापला जातो. ही पाने कार्यालयीन स्वरूपाची असतात. त्यांवर बराच कागद कोरा राहतो. फोटोत मात्र आकाश, साडी, भिंत, चेहरा असा कागदाचा कणन् कण रंगाने झाकला जातो. फोटोंसाठी आयएसओ/आयईसी २९१०२ हे वेगळे प्रमाण आहे. पण दुकानात त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

फरक किती मोठा असतो, ते एका तुलनेतून कळते. एप्सनच्या चार रंगांच्या टाकी प्रिंटरसाठी ६५ मिलीलिटरच्या रंगीत बाटल्यांचा संच सुमारे ७५०० पाने छापतो, असे कंपनी सांगते. त्याच कंपनीच्या सहा रंगांच्या एल ८०५ या फोटो प्रिंटरसाठी ७० मिलीलिटरच्या बाटल्यांच्या संचाचा आकडा होता सुमारे १८०० फोटो, तोही चार बाय सहा इंचांचे. असे चार फोटो एका ए-फोर पानाएवढी जागा व्यापतात. म्हणजे १८०० फोटो हे क्षेत्रफळाने अवघ्या ४५० पानांइतके झाले. ‘पानां’चा आकडा वाचून फोटोंचा अंदाज बांधणारा ग्राहक इथेच फसतो.

हिशेब कसा मांडावा?

एका फोटोचा खरा खर्च म्हणजे यंत्राच्या किमतीतील त्याचा वाटा, शाई, कागद आणि वाया गेलेल्या प्रतींचा भार. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. खरेदी करताना प्रत्येकाने त्या दिवशीचे बाजारभाव घालून हाच हिशेब मांडावा.

समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर ४००० रुपयांना मिळतो आणि चार बाय सहाच्या एका फोटोला शाई १८ रुपयांची व कागद ५ रुपयांचा लागतो. टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांचा. त्यात शाई २ रुपयांची, कागद तोच. स्टुडिओत तसा फोटो १२ रुपयांना मिळतो. यंत्र तीन वर्षे चालेल, असे धरू.

महिन्याला ५ फोटो छापणाऱ्या घरात तीन वर्षांत १८० फोटो होतात. कार्ट्रिजवर त्यांचा खर्च ८१४० रुपये, टाकीवर १३,२६० रुपये आणि स्टुडिओत फक्त २१६० रुपये. महिन्याला ४० फोटो असतील, तर एकूण १४४० फोटोंना कार्ट्रिजवर ३७,१२० रुपये, टाकीवर २२,०८० रुपये आणि स्टुडिओत १७,२८० रुपये पडतात. महिन्याला १०० फोटोंवर गेल्यास चित्र पालटते. तेव्हा टाकीचा खर्च ३७,२०० रुपये, तर स्टुडिओचा ४३,२०० रुपये होतो. कार्ट्रिजचा खर्च मात्र ८६,८०० रुपयांवर जातो.

या उदाहरणातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, एकूण ५०० फोटोंच्या पुढे, म्हणजे महिन्याला साधारण १४ फोटोंवर, महाग वाटणारी टाकी कार्ट्रिजपेक्षा स्वस्त ठरते. दुसरी, टाकीने स्टुडिओशी बरोबरी करायला २४०० फोटो, म्हणजे महिन्याला सुमारे ६७ फोटो छापावे लागतात. दहातील एक प्रत वाया गेली, तर हाच आकडा ७९ च्या आसपास जातो. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की कार्ट्रिजवरील एका फोटोची शाई व कागद मिळूनच २३ रुपये होत असल्याने स्टुडिओशी त्याची बरोबरी कधीच होत नाही. यंत्र फुकट मिळाले तरी नाही.

अर्थात, त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास, अर्ज, आधार कार्डाच्या प्रती असे कामही होत असेल, तर यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा त्या कामावर पडतो आणि फोटो स्वस्त होतात. अशा घराने चार रंगांचा साधा टाकी प्रिंटर घ्यावा. फोटो हेच मुख्य काम असेल, तरच सहा रंगांच्या यंत्राकडे वळावे. त्यातील फिकट निळ्या व फिकट गुलाबी शाईमुळे त्वचेचे वर्ण अधिक मुलायम येतात.

न वापरण्याचीही किंमत

इंकजेट यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विश्रांती. आठवडेच्या आठवडे छपाई न झाल्यास नळीच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळते. ती मोकळी करण्यासाठी यंत्र शाई ओढून सफाई करते व ही शाई यंत्रातील शोषक गादीत जाते. म्हणजे एकही फोटो न काढता शाई संपत राहते. गादी भरली की प्रिंटर काम थांबवतो. काही नव्या यंत्रांत ही गादी किंवा पेटी ग्राहकाला स्वतः बदलता येते. हा फायदा खरेदीपूर्वी विचारण्याजोगा आहे.

वीज वारंवार जाणाऱ्या भागात आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तसे केल्यावर नळीचे तोंड टोपणाखाली जाते. भिंतीवरचे बटण थेट बंद केल्यास, किंवा छपाई चालू असताना वीज गेल्यास, तोंड उघडे राहून शाई लवकर वाळते. वीज परत आल्यावर यंत्र एकदा सुरू करून त्याच्या बटणाने नीट बंद करावे. आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एखादे छोटे चित्र साध्या कागदावर छापणे हा सफाईपेक्षा स्वस्त उपाय आहे.

नळी कोठे आहे, यावरही दुरुस्तीचा खर्च ठरतो. अनेक स्वस्त कार्ट्रिज प्रिंटरांत ती कार्ट्रिजमध्येच असते. कार्ट्रिज बदलले की नळी नवी. बहुतेक टाकी प्रिंटरांत ती यंत्रात असते आणि बिघडल्यास दुरुस्ती महागात पडते. त्यामुळे हलक्या दर्जाची शाई भरून वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जाऊ शकतात.

क्वचित छापणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग

ज्यांना वर्षाकाठी शे-दीडशे फोटोच हवेत, पण ते घरीच हवेत, त्यांच्यासाठी डाय-सब्लिमेशन पद्धतीचे छोटे प्रिंटर आहेत. कॅननची सेल्फी मालिका त्यांपैकी एक. यात शाईऐवजी रंगीत फीत असते. उष्णतेने तिचा रंग कागदावर उतरतो आणि वर संरक्षक थर चढतो. फीत व कागद एकत्रच मिळतात. १०८ फोटोंचा संच हा त्यातील परिचित आकार. फोटो काळोखाचा असो वा उजेडाचा, खर्च ठरलेला. नळी नसल्याने वाळण्याचा प्रश्न नाही. मर्यादा एवढीच, की पोस्टकार्डाएवढ्या आकारापलीकडे जाता येत नाही आणि साधी कागदपत्रे छापता येत नाहीत.

पावसाळा आणि कागद

किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. फोटोचा कागद ओलावा शोषतो, वाकतो आणि त्यावर शाई पसरते. उघडलेले पाकीट हवाबंद पिशवीत ठेवावे. छापलेला फोटो किमान एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्यावा व चौकटीत घालताना तो काचेला चिकटणार नाही, अशी किनार ठेवावी. बाटल्यांतील विरघळणारी डाय शाई चमकदार असते, पण पाणी व उन्हाने लवकर फिकी पडते. कणयुक्त पिग्मेंट शाई अधिक टिकाऊ असते. भिंतीवर दीर्घकाळ लावायचा फोटो मात्र प्रकाशसंवेदी कागद वापरणाऱ्या डिजिटल लॅबमधून काढून घेणे आजही शहाणपणाचे आहे.

चार बाय सहाच्या उत्तम फोटोला इंचाला ३०० ठिपके धरल्यास १८०० बाय १२०० ठिपके, म्हणजे जेमतेम २२ लाख ठिपके पुरतात. आजचा कोणताही मोबाइल यापेक्षा अधिक देतो. मात्र व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र आकसलेले असते. नातेवाइकांकडून फोटो मागवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. मोबाइलचा फोटो चारास तीन प्रमाणात असतो, तर कागद तीनास दोन. त्यामुळे कडा कापल्या जातात. समूहाच्या फोटोत कोणाचे डोके जात नाही ना, हे छापण्याआधी पाहावे. पासपोर्ट आकाराचे, म्हणजे ३५ बाय ४५ मिलीमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या एका कागदावर बसतात. घरच्या प्रिंटरची सर्वाधिक बचत याच कामात होते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

- गेल्या वर्षभरात घरात प्रत्यक्ष किती फोटो छापून घेतले?
- शाईच्या संपूर्ण संचाची किंमत किती व ती बोईसर किंवा पालघरला सहज मिळते का?
- एका संचात चार बाय सहाचे किती फोटो निघतात?
- अधिकृत सेवा केंद्र जवळ कोठे आहे व बाहेरची शाई वापरल्यास हमीचे काय होते?
- शोषक गादी घरी बदलता येते का?

बिल व हमीपत्र जपून ठेवावे. तक्रार न सुटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे. रिकामी कार्ट्रिज घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलनाकडे द्यावी.

महिन्याला दहा-बारा फोटोंची गरज असलेल्या कुटुंबाला प्रिंटरपेक्षा एक सवय अधिक उपयोगी पडेल. दर तीन महिन्यांनी मोबाइलमधील निवडक वीस-पंचवीस फोटो काढून ते बाजाराच्या फेरीत स्टुडिओत द्यावेत. मोबाइल हरवला वा बिघडला की त्यातील हजारो फोटो एका दिवसात जातात. अल्बममधले पंचवीस राहतात. फोटो कोणत्या यंत्रावर छापले, हे काही वर्षांनी कोणी विचारणार नाही. ते छापले होते का, एवढेच विचारले जाईल.