विमानतळ नेमकं कधी 'सुरू' होतं? सोलापूरच्या निमित्ताने एक संशोधन-धडा

बेंबळीच्या चौकात उभं राहून एक हिशेब करा. इथून गाडीने दोन-अडीच तासांच्या आत तीन धावपट्ट्या लागतात : धाराशिवची, लातूरची आणि सोलापूरची होटगी रोडवरची. तिन्ही सरकारी पैशातून झालेल्या. पण आज तिकीट काढून वेळापत्रकाच्या विमानात बसायचं असेल, तर तिघांपैकी फक्त सोलापूरला जावं लागतं. आणि तिथंही ही सोय अगदी अलीकडची आहे.

आता एक साधा प्रश्न. सोलापूरचं विमानतळ कधी सुरू झालं?

तुम्हाला वाटेल, हा काय प्रश्न आहे, गुगल केलं की उत्तर. पण पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींना मी हाच प्रश्न मुद्दाम विचारतो. कारण त्याची किमान चार उत्तरं सापडतात, चारही खरी आहेत आणि प्रत्येकातून वेगळा इतिहास निघतो.

पहिलं उत्तर : 2000 च्या दशकाच्या अखेरीस, कारण तेव्हा काही काळ किंगफिशरचं विमान सोलापूरहून मुंबईला जात होतं. दुसरं : 29 सप्टेंबर 2024, कारण त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिसरं : 9 जून 2025, कारण त्या दिवशी फ्लाय 91 कंपनीचं गोव्याचं विमान उडालं. चौथं : 15 ऑक्टोबर 2025, कारण स्टार एअरची मुंबई सेवा तेव्हा सुरू झाली, आणि सोलापूरकरांच्या मनात 'विमानसेवा' म्हणजे आधी मुंबईच.

धावपट्टी तर या चारही तारखांच्या आधीची. मंत्र्यांची आणि खाजगी विमानं तिथं उतरतच होती. म्हणजे 'सुरू' हा शब्दच फसवा आहे. विमानतळावर एक नाही, चार घड्याळं चालतात : धावपट्टीचं, परवान्याचं, इमारतीचं आणि उड्डाणाचं. ती एकाच वेळेला कधीच टोले देत नाहीत. तुम्ही प्रबंधात एकच तारीख लिहिली, तर बाकीची तीन घड्याळं नकळत बंद पाडली असं समजा.

चिमणीची गोष्ट, आणि तिच्यातली गफलत

सोलापूरच्या बाबतीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट चिमणीची आहे. विमानतळाजवळच्या कुमठे इथल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याने सहवीजनिर्मितीसाठी सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी उभारली. विमान उतरताना आणि चढताना धावपट्टीच्या दोन्ही टोकांना तिरका मोकळा पट्टा लागतो. त्यात घुसणारी कुठलीही उंच वस्तू म्हणजे अडथळा. मग वाद पेटला. एका बाजूला विमानसेवा मागणारे शहरातले लोक, व्यापारी, संघटना. दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद, ऊस घालणारे शेतकरी आणि कामगार. नोटिसा, सुनावण्या, उपोषणं, मोर्चे असं सगळं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी 15 जून 2023 रोजी पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली गेली.

ही कथा सहसा अशी सांगितली जाते : चिमणी होती म्हणून विमान नव्हतं, चिमणी पडली, विमान आलं. ऐकायला चोख वाटते. पण तारखा एकाखाली एक लिहून बघा.

किंगफिशरची सेवा बंद पडली ती ही चिमणी उभी राहण्याआधी. खुद्द किंगफिशरच 2012 मध्ये जमिनीवर आली. म्हणजे पहिल्यांदा विमान थांबलं त्याला चिमणी कारणीभूत नव्हती. उलट बाजूने बघा : चिमणी पडली जून 2023 ला, विमान उडालं जून 2025 ला. मध्ये तब्बल दोन वर्षं. चिमणी हेच एकमेव कारण असतं, तर ही दोन वर्षं कशात गेली? धावपट्टीची डागडुजी, टर्मिनलचं काम, परवाना, विमान कंपनी मिळणं आणि त्या कंपनीला तोटा सोसायला लागू नये म्हणून सरकारी पैशाची व्यवस्था होणं, यात.

याचा अर्थ चिमणीचा काहीच संबंध नव्हता असा नाही बरं का. अडथळा हा अडथळाच. पण 'आवश्यक कारण' आणि 'पुरेसं कारण' यातला फरक इथं डोळ्यांनी दिसतो. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात हा फरक वाचून झोप येते. होटगी रोडवर तो समजतो. आणि हा फरक चुकला तर नुकसान फक्त प्रबंधाचं होत नाही. 'शेतकऱ्यांच्या कारखान्याने शहराचं विमान अडवलं' हे एका ओळीचं वाक्य इतिहास म्हणून पक्कं होतं, आणि त्या वाक्याचा भार खऱ्या माणसांवर पडतो.

नांदेडशी तुलना करून बघा

एका प्रकरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून शेजारचं नांदेड घेऊ. 2008 मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी तिथल्या विमानतळाचा कायापालट झाला. चिमणीसारखा वाद तिथं नव्हता. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेची पहिली उड्डाणं झाली, तेव्हा सिमला–दिल्लीबरोबर कडप्पा–हैदराबाद आणि नांदेड–हैदराबाद हे मार्गही होते. म्हणजे देशातल्या पहिल्या तिनांत नांदेड! तरी 2022 मध्ये ट्रूजेट कंपनी बंद पडली आणि विमानं थांबली. पुढे 2024 मध्ये स्टार एअर आली.

आता 'उडान'चं गणित बघा. तासाभराच्या प्रवासासाठी काही जागांचं भाडं सुमारे 2500 रुपयांवर बांधून द्यायचं, आणि कंपनीची जी तूट येईल ती ठराविक काळ सरकारने भरायची. या पैशाला 'व्यवहार्यता तफावत निधी' असं भारदस्त नाव आहे. योजनेच्या पहिल्या फेरीतल्या यादीत सोलापूरचंही नाव होतं. यादीत नाव आलं 2017 मध्ये, विमान आलं 2025 मध्ये. मुंबई सेवेसाठी तर राज्य सरकारला वेगळा निधी मंजूर करावा लागला.

दोन्ही शहरं शेजारी ठेवली की लक्षात येतं : छोट्या शहराचं विमान धावपट्टीवर कमी आणि कंपनीच्या ताळेबंदावर जास्त उभं असतं. लातूर आणि धाराशिवचंही तेच. 2009 च्या सुमारास नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ 95 वर्षांच्या करारावर एका खाजगी समूहाच्या कंपनीकडे दिले गेले. धावपट्ट्या जागेवर राहिल्या. लातूर-धाराशिवच्या नशिबी आजही नियमित विमान नाही.

टर्मिनलकडे साधन म्हणून बघा

आपण टर्मिनलची इमारत 'सुविधा' या सदरात टाकून पुढे जातो. तसं करू नका. इमारत हा दस्तऐवज आहे. सोलापूरचं टर्मिनल वर्षाला सुमारे 4.1 लाख प्रवाशांसाठी सुधारलं, असं सरकारी पत्रकात म्हटलं आहे. 365 ने भागा : रोजचे सुमारे 1120 प्रवासी. एटीआर विमानात सत्तरेक जागा असतात. म्हणजे सगळी विमानं गच्च भरली तरी येणारी आठ आणि जाणारी आठ, अशी रोज सोळा उड्डाणं लागतील. प्रत्यक्ष सुरुवात झाली ती हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या उड्डाणांनी. मग हा आकडा काय सांगतो? आज किती लोक प्रवास करतात ते नाही. राज्यकर्त्यांनी उद्याची काय अपेक्षा धरली ते सांगतो. क्षमतेचा आकडा आणि वापराचा आकडा एकमेकांच्या जागी वापरणं ही नवशिक्या संशोधकाची नेहमीची चूक. मीही केलेली आहे.

चहाचा दरसुद्धा साधन असतो. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर पहिला 'उडान यात्री कॅफे' उघडला, तिथं चहा 10 रुपयांना ठेवला. विमानतळावरच्या चहाची किंमत हा सरकारी धोरणाचा विषय झाला, याचाच अर्थ प्रवासी बदलतोय असं धोरणकर्त्यांना वाटू लागलंय. सोलापूरच्या प्रतीक्षागृहात कोण बसतंय, तिथं काय विकत मिळतंय आणि बाहेर एसटी थांबते की फक्त टॅक्सी, या तीन नोंदी कराल तर एक प्रकरण उभं राहील.

कागद शोधायचे कुठे?

इथं आपल्या भागाची खास अडचण आहे. धाराशिव आणि सोलापूर शेजारी असले, तरी त्यांचे कागद शेजारी नाहीत. धाराशिव 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, सोलापूर मुंबई इलाख्यात. म्हणून जुन्या नोंदींसाठी एका जिल्ह्याला हैदराबाद गाठावं लागतं (आणि उर्दूची तयारी ठेवावी लागते), दुसऱ्याला मुंबई. निजामाच्या राज्यात टाटांच्या भागीदारीतली 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी होती. 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. तिचा माग काढायचा तर हैदराबादच.

दुसरं, नावं. इंग्रजी कागदांत सोलापूर हे 'शोलापूर' म्हणून येतं. विमानतळाचा 'एसएसई' हा कोड आजही वापरात आहे. धाराशिव 2023 पर्यंत सरकार दरबारी उस्मानाबाद होतं. एकाच नावाने शोधलंत तर अर्धा इतिहास हाती लागणार नाही.

तिसरं, वर्तमानपत्रं. 'अमुक तारखेपासून विमानसेवा' ही बातमी म्हणजे विमानसेवा नव्हे. सोलापूरच्या तारखा जाहीर झाल्या आणि पुढे सरकल्या, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून घोषणेची, उद्घाटनाची आणि पहिल्या उड्डाणाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, आणि चौथा रकाना 'सेवा बंद' असा ठेवा. हा चौथा रकाना भरायला सगळ्यात अवघड जातो. सुरू होताना हार-तुरे असतात, फोटो असतात. बंद होताना कोणी फीत कापत नाही. एक दिवस विमान येत नाही, एवढंच.

आणि प्रादेशिक विमानतळाचा खरा इतिहास बऱ्याचदा त्याच रकान्यात असतो. तेव्हा तुमच्या जिल्ह्यातली एक धावपट्टी निवडा, वहीत चार रकाने आखा आणि शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करा.