नवीन पीसीसाठी रॅम घेताय? ३२ जीबीची एक स्टिक घ्यावी की १६-१६च्या दोन?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन पीसीचं कोटेशन मागवलं की रॅमच्या ओळीत बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं : '३२ जीबी डीडीआर५'. ही ३२ जीबीची एकच स्टिक आहे की १६-१६च्या दोन, स्पीड किती, सीएल किती, याचा पत्ता नसतो. एरवी हे चालून गेलं असतं. पण एआय डेटा सेंटर्सकडून मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीस मेमरीच्या किमती भडकल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात आधी एक रॅम घेऊन नंतर ती बदलणं खिशाला परवडणारं नाही.

दोन स्टिकने नेमका काय फरक पडतो?

घरगुती डेस्कटॉपच्या प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन चॅनेल असतात. प्रत्येक चॅनेल ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद. डीडीआर५-६००० रॅम सेकंदाला ६०० कोटी वेळा डेटा पाठवू शकते. त्याला ८ने गुणलं की एका चॅनेलचे झाले सेकंदाला ४८ जीबी. दोन्ही चॅनेल भरले तर ९६ जीबी. एकच स्टिक लावली तर अर्धा रस्ता रिकामा राहतो, मग ती स्टिक ३२ जीबीची का असेना.

'डीडीआर५ची एक स्टिकसुद्धा ड्युअल चॅनेलच असते' असंही ऐकायला मिळतं. ते अर्धसत्य आहे. डीडीआर५च्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२-३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात हे खरं, पण बेरीज ६४च होते. रुंदी वाढत नाही.

वर्ड, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर हा फरक तुम्हाला बहुधा जाणवणारही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेममध्ये थोडाफार जाणवेल. खरा फटका बसतो तो ग्राफिक्स कार्ड न घेणाऱ्यांना. रायझन ५ ८६००जी किंवा जुन्या ५६००जीसारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतात. तिथे एक स्टिक लावणं म्हणजे ज्या ग्राफिक्ससाठी प्रोसेसर निवडला त्याचाच गळा आवळणं. म्हणजे बजेट जितकं कमी, तितक्या दोन स्टिक जास्त गरजेच्या!

'आत्ता दोन टाका, नंतर आणखी दोन टाकू'

मदरबोर्डवर चार स्लॉट दिसले की हा सल्ला हमखास मिळतो. डीडीआर४च्या काळात तो बऱ्यापैकी चालायचा. डीडीआर५मध्ये तो महागात पडू शकतो. एएमडीच्याच आकड्यांनुसार रायझन ९००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत स्पीड ५६०० आहे, चार लावल्या की ३६००. एकाच चॅनेलच्या तारांवर दोन स्टिक आल्या की सिग्नल बिघडतो, म्हणून स्पीड उतरवावा लागतो. काही जणांच्या चार स्टिक जास्त स्पीडला चालतातही, पण त्याची हमी कुणी देत नाही.

त्यामुळे पुढच्या तीन-चार वर्षांत लागेल तेवढी रॅम आत्ताच दोन स्टिकमध्ये, एकाच पाकिटातलं किट म्हणून घ्या. गेमिंग आणि हलक्या एडिटिंगसाठी १६-१६ पुरेशा आहेत. त्याच मॉडेलची स्टिक वर्षभराने सुटी घेतली तर आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात.

पण बजेटच १६ जीबीचं असेल तर? इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. डीडीआर५च्या ८ जीबीच्या स्टिकमध्ये सहसा चारच चिप असतात आणि त्यांची अंतर्गत रचना १६ जीबीच्या स्टिकपेक्षा थोडी संथ असते. शिवाय पुढे वाढवायचं ठरलं तर त्या दोन्ही काढाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड असेल आणि काही महिन्यांत दुसरी स्टिक नक्की घेणार असाल, तर १६ची एक स्टिक घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, चिप्स वेगळ्या निघण्याचा धोका धरूनही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र ८-८च घ्या.

स्पीड आणि सीएल

रायझन ७००० आल्यावर एएमडीने ६००० हा सर्वात सोयीचा स्पीड सांगितला होता. सीएल मात्र एकटा वाचू नका. सीएलला २०००ने गुणून स्पीडने भागलं की उशीर नॅनोसेकंदात मिळतो : ६००० सीएल३०चा १०, ६००० सीएल३६चा १२. डीडीआर४च्या ३२०० सीएल१६चाही १०च येतो! ७८००एक्स३डीसारखा मोठ्या कॅशचा प्रोसेसर घेत असाल तर रॅमच्या स्पीडचा फरक आणखी कमी पडतो. तिथे महागड्या किटवरचे पैसे वाचवा.

जुन्या पीसीतली डीडीआर४ नव्या डीडीआर५ बोर्डात बसत नाही. पिना दोन्हीकडे २८८च असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

पीसी असेंबल झाल्यावर दोन गोष्टी तपासा. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, तरी एकदा मॅन्युअल बघा. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी प्रोफाइल चालू करा. नाहीतर ६०००चे पैसे मोजलेली रॅम ४८००वर पळत राहते. पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ला जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. स्क्रीन काळी दिसली म्हणून लगेच बटण बंद करू नका. आणि सीपीयू-झेडमध्ये ३००० मेगाहर्ट्झ दिसलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ते सॉफ्टवेअर मूळ क्लॉक दाखवतं, प्रत्यक्ष स्पीड त्याच्या दुप्पट असतो.