ज्योतीची साक्ष : गॅस बॉयलरमधील प्रज्वलन व सुरक्षा साधनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात वाफेचे इंजिन, लोहमार्ग आणि कापडगिरण्या यांचा विचार विस्ताराने होतो. घरातील पाणी तापविणारी यंत्रे मात्र दुर्लक्षित राहतात. वस्तुतः ज्वलनशील वायू बंद घरात आणून माणूस निर्धास्त झोपू कसा लागला, हा तंत्रज्ञानाइतकाच सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटनच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

माणसाच्या दक्षतेचा काळ

लंडनचे बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले. आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्यास ‘गीझर’ हे नाव मिळाले. मराठी घरांत रूढ झालेला शब्द तोच. या यंत्रात ज्वलनातून निर्माण होणारे वायू बाहेर नेण्याची सोय नव्हती. पाणी व वायू यांच्या तोट्या योग्य क्रमाने उघडण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरणाऱ्यावर होती. पुढे पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा वायूच्या झडपेला जोडण्यात आला. त्यामुळे पाणी वाहत नसेल तर मुख्य बर्नरला वायू मिळेनासा झाला.

१८८९ मध्ये नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंते एडविन रूड यांनी साठवण टाकीचा स्वयंचलित जलतापक विकसित केला. स्वयंचलनाने सोय वाढली, तसाच एक नवा धोकाही निर्माण झाला. अशा यंत्रांत मुख्य बर्नर पेटविण्यासाठी एक लहान पायलट ज्योत सतत तेवत ठेवावी लागे. ती वाऱ्याने विझली आणि झडप आपोआप उघडली, तर न जळलेला वायू खोलीत पसरणार हे उघड होते.

तापयुग्माचा उपाय

या समस्येचे उत्तर थॉमस सीबेक यांच्या १८२१ मधील शोधात दडलेले होते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या तापमानांत फरक असल्यास विद्युतदाब निर्माण होतो. पायलट ज्योतीत ठेवलेले तापयुग्म सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट दाब देते. एवढ्याशा शक्तीने विद्युतचुंबक झडप उघडू शकत नाही. हाताने उघडलेली झडप मात्र धरून ठेवू शकतो. म्हणूनच पायलट पेटविताना बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. ज्योत विझताच तापयुग्म थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप बंद करते. तापयुग्म तुटले तरी परिणाम हाच होतो. साधन बिघडल्यास वायू बंदच व्हावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले.

नैसर्गिक वायू आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण

१९६५ मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटनला नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या काळात देशभरातील वायू उपकरणे त्यासाठी बदलण्यात आली. कोळशापासून बनविलेल्या जुन्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असल्याने त्याची गळतीच विषारी असे. नैसर्गिक वायूत हा घटक नव्हता. तथापि अपुऱ्या हवेत जळताना तोही कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. विषाचा धोका गळतीकडून ज्वलनाकडे सरकला.

सतत तेवणारी पायलट ज्योत इंधनाचा अपव्ययही करीत असे. आधुनिक बॉयलरमध्ये प्रथम पंखा ज्वलनकक्षातील हवा बदलतो, नंतर ठिणगी पडते आणि वायू सोडला जातो. ज्योतीतील आयनांमधून वीज वाहते. ज्योतीत धरलेल्या दांडीला प्रत्यावर्ती दाब दिल्यास प्रवाह एका दिशेने अधिक वाहतो. मायक्रोअँपिअरमधील हा एकदिश प्रवाह ज्योत असल्याचा पुरावा ठरतो. ओलाव्यामुळे होणाऱ्या गळतीचा प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच वाहत असल्याने तो ज्योतीचा भास निर्माण करू शकत नाही. ठरावीक सेकंदांत पुरावा न मिळाल्यास वायू बंद होतो; प्रयत्न निष्फळ ठरल्यास बॉयलर कुलूपबंद अवस्थेत जातो. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवे गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, संघनन प्रकारचे असणे बंधनकारक झाले आणि कायम पायलटची पद्धत मागे पडली.

साक्षीची मर्यादा

ज्योत आहे, एवढेच तापयुग्म व आयन-दांडी सांगतात. ती स्वच्छ जळते आहे की नाही, हे सांगत नाहीत. महाराष्ट्रात वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरांतील गॅस गीझरमुळे मृत्यू घडले आहेत, त्यांचे मर्म येथेच आहे. ज्योत तेवत राहते, झडप उघडी राहते आणि रंग व गंध नसलेला विषारी वायू साचत जातो. प्राणवायू घटताच विझणारी विशेष पायलट ज्योत आणि बाहेरूनच हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा बंदिस्त बॉयलर हे यावरील पुढचे उपाय होत.

निष्कर्ष

या इतिहासात सुरक्षेचा भार माणसाच्या स्मरणशक्तीवरून क्रमशः ज्योतीच्या साक्षीवर आला. मात्र प्रत्येक साधन एका विशिष्ट धोक्याचेच उत्तर असते. मॉन यांच्या गीझरमध्ये नसलेली धूर बाहेर नेण्याची सोय आजच्या न्हाणीघरातही नसेल, तर मधल्या दीड शतकातील प्रगती तेथवर पोहोचलीच नाही, असे म्हणावे लागेल.