पुस्तकं आली, खुणा मागे राहिल्या : ई-पुस्तकांच्या स्थलांतराचा छोटा इतिहास

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझा जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजू लागला, म्हणून नवा घेतला. एका रविवारी बसून जुन्यावरच्या सगळ्या पीडीएफ आणि ई-पब फाईली सर्च करून निवडल्या, पेनड्राइव्हवर टाकल्या आणि नव्यावर उतरवल्या. एकूण १,१४० फाईली. मोजून पाहिल्या, एकही कमी नव्हती. मग जुना लॅपटॉप फॉरमॅट केला आणि धाकट्या भावाला देऊन टाकला.

दोन दिवसांनी गाईड म्हणाले, "अगं, कूकच्या नोंदींशी न जुळणारे पेपर तू वेगळे काढले होतेस ना? ती यादी घेऊन ये." कूक म्हणजे थिओडोर कूक. त्यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि आम्हा वनस्पतिशास्त्रवाल्यांना तो अजून लागतो. यादी काढायला बसले तेव्हा कळलं की ती कुठल्याच फाईलमध्ये नाही. मी पुस्तकं 'कॅलिबर' या सॉफ्टवेअरमध्ये लावली होती. तिथे 'कशासाठी' नावाचा रकाना करून प्रत्येक पेपरपुढे एक-दोन ओळी लिहायचे. तो रकाना 'मेटाडेटा डॉट डीबी' नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये होता, आणि ही कसलीतरी सिस्टीमची फाईल असेल म्हणून मी तिला हातही लावला नव्हता. नशीब, मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर १४ महिन्यांपूर्वीची पूर्ण प्रत सापडली. मधले १४ महिने मात्र गेले.

हे रडगाणं सांगण्याचं कारण असं की, नंतर या विषयाचा इतिहास वाचताना जाणवलं, ही चूक माझ्या एकटीची नाही. गेली पन्नासेक वर्षं माणसं पुस्तक उचलून नेतात आणि ते ज्याच्या आधारावर उभं असतं ते मागे विसरतात. तो आधार दर वेळी वेगळा असतो, एवढंच.

१९७१ : पाच किलोबाइटची फाईल

४ जुलै १९७१ ला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्या संगणकावर टंकून काढला. ही 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'ची सुरुवात. हार्ट यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, फाईल सुमारे पाच किलोबाइटची होती. ती सगळ्यांना पाठवली तर नेटवर्क कोलमडेल असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणून ती कुठे ठेवली आहे एवढंच त्यांनी कळवलं, आणि सहा जणांनी ती उतरवून घेतली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी निवडलेला प्रकार : साधा मजकूर. खास फॉन्ट नाही, खास सॉफ्टवेअर नाही. त्यामुळे संगणक कितीही बदलले तरी असा मजकूर वाचता येत राहिला.

मराठीची अडचण : फाईल आली, फॉन्ट राहिला

ही चैन आपल्याला नव्हती. त्या साध्या मजकुराच्या आस्की संकेतात जागा १२८, आणि त्यात देवनागरीला एकही नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणित संकेत १९९१ मध्ये आले. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्यात पुढे बरीच वर्षं फॉन्टचंच राज्य चाललं. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या. एका संगणकावर 'ज्ञानेश्वरी' दिसणारी फाईल दुसऱ्यावर उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा! फाईलमधला एकही बाइट हललेला नसतो, मागे राहिलेला असतो तो फॉन्ट. ज्यांच्याकडे वडिलांच्या किंवा सरांच्या जुन्या मराठी टायपिंगच्या फाईली आहेत, त्यांनी फॉन्टची फाईल आधी जपून ठेवावी. मजकूर युनिकोडमध्ये नंतर सावकाश बदलता येतो.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची कथा याच्या जवळची. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पातून, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने हे काम उभं राहिलं. तिथे पुस्तकाचं प्रत्येक पान वेगळी चित्र-फाईल असायचं, म्हणून अख्खं पुस्तक उतरवायला लोक छोटे प्रोग्रॅम लिहायचे. मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत आणि तीही वाटेल त्या स्पेलिंगने. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडलं. तरी तिथले लाखो स्कॅन आज 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मिळतात, कारण ते आधीच उतरवून दुसरीकडे ठेवलेले होते. नावं मात्र तशीच चुकीची. पुस्तक वाचलं, पण ते शोधायची वाट बुजलेलीच राहिली.

१९९६ : प्रबंधात गेलेलं साधन

हा भाग खास तुमच्यासाठी, कारण इथे नायक पीएचडीचा विद्यार्थी आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये 'आरसिंक' हा प्रोग्रॅम आणला. प्रश्न साधा होता : एकच फाईल दोन संगणकांवर आहे, एकीकडे थोडा बदल झालाय, अख्खी फाईल न पाठवता फक्त बदल कसा पाठवायचा?

उत्तर असं : ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तो तिचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा-संख्या पाठवतो. एक झटपट निघणारी पण कच्ची, दुसरी वेळखाऊ पण पक्की. समोरचा आपल्या नव्या फाईलवर तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक बाइट सरकवत नेतो. कच्ची संख्या अशी बांधलेली असते की खिडकी एका घराने सरकली तर मागचा बाइट वजा करून पुढचा मिळवला की भागतं, पुन्हा पहिल्यापासून बेरीज लागत नाही. कच्ची जुळली तरच पक्की तपासायची. जे तुकडे जुळले ते पाठवायची गरजच नाही. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या प्रबंधात हे काम आलं. बॅकअप घेणारे लोक ते साधन रोज वापरतात.

२००६ : यंत्र चालेना म्हणून

सोनीचं ई-पुस्तक वाचायचं यंत्र २००६ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. कोविद गोयल तेव्हा संशोधक विद्यार्थी होते आणि लिनक्स वापरायचे. यंत्र लिनक्सशी बोलेना, म्हणून ३१ ऑक्टोबर २००६ ला त्यांनी त्याची भाषा उलगडायला घेतली. त्यातून निघालेल्या सॉफ्टवेअरचं नाव २००८ मध्ये 'कॅलिबर' झालं.

त्याची रचना नीट समजून घ्या. मुख्य फोल्डरमध्ये लेखकाचं फोल्डर, त्यात पुस्तकाचं फोल्डर, त्यात पुस्तक, मुखपृष्ठ आणि 'ओपीएफ' नावाची माहितीची छोटी फाईल. सगळ्यांच्या वर ती 'मेटाडेटा डॉट डीबी'. ही मुख्य फाईल खराब झाली तरी ओपीएफ फाईलींवरून बरंचसं परत उभं करता येतं. मी फक्त पुस्तकं निवडली, म्हणजे दोन्ही दोर स्वतःच्या हातांनी कापले.

२००९ आणि नंतर : मालक कोण?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा निरर्थक झाल्या, कारण ज्या मजकुराला त्या जोडलेल्या होत्या तोच गेला. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, पैसे परत केले, आणि ज्यांनी त्यात खुणा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर दिले. वाचनाच्या खुणांची ही बहुधा पहिली सरकट किंमत! २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने नेण्याची सोयही ॲमेझॉनने काढून घेतली.

मग आपण काय करायचं?

आधी कागदावर लिहा की तुमच्या खुणा नक्की कुठे आहेत : पीडीएफच्या आत, ॲपच्या डेटाबेसमध्ये, की कंपनीच्या सर्व्हरवर. तिन्ही नेण्याची पद्धत वेगळी आहे. कॅलिबर असेल तर ते पूर्ण बंद करा आणि मगच अख्खं फोल्डर जसंच्या तसं उचला. डेटाबेस उघडा असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. फाईलींची संख्या जुळली म्हणजे झालं असं समजू नका, माझीही जुळली होती. शक्य असेल तर दोन्हीकडच्या फाईलींचे हॅश काढून ताडून पाहा. आणि 'आरसिंक'सारख्या साधनाने आरसा-प्रत ठेवत असाल तर सांभाळा : इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसायला सांगता येतं. म्हणून एक जुनी, तारीख घातलेली प्रत वेगळ्या जागी हवीच.

शेवटी, नव्या संगणकावर संग्रह उघडा आणि वर्षभरापूर्वी लिहिलेली एक टीप शोधून वाचा. ती सापडली की मगच जुना फॉरमॅट करा. मला ते १४ महिन्यांचे पेपर पुन्हा चाळायला सात आठवडे लागले, आणि सिनॉप्सिस एका सत्राने पुढे गेली. ती टीप शोधायला दोन मिनिटं लागली असती.